एकोणचाळीस मेपल

टॉल्बी गावाच्या सभागृहात कॉफीची मोठी किटली सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत उकळत राहायची. तिला कुणी चांगली म्हणत नसे आणि कुणी सोडतही नसे. दीड वर्षापासून त्या किटलीशेजारच्या लांब टेबलावर गावाच्या इतिहासाचं दुसरं पुस्तक तयार होत होतं. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा गावात दोनशे दहा माणसं होती, रेल्वे होती, रुळांलगत धान्य साठवायचे तीन उंच लाकडी मनोरे होते. आता माणसं एकसष्ट. रूळ उखडून नेलेले. एक मनोरा शिल्लक होता, तोही कबुतरांच्या ताब्यात.

"आत्ता नाही काढलं तर पुढचं पुस्तक शेतातल्या खारीच काढतील," असं डेलोरेस म्हणायची. डेलोरेस पुस्तकाच्या समितीची प्रमुख. समितीत ती आणि आर्लिन अशा दोघीच उरल्या होत्या, पण डेलोरेस दर बैठकीला हजेरी घ्यायची.

पुस्तकाचा एक जुना नियम होता. प्रत्येक घरानं, गाव सोडून गेलेल्यांनीसुद्धा, आपलं पान आपण लिहायचं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी समितीनं कुणाच्या तरी आजोबांचं पान 'सुधारलं', आणि दोन घरं पुढची अकरा वर्षं कर्लिंग खेळायच्या बर्फावर एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. तेव्हापासून ठरलं, ज्याचं पान त्याचे शब्द. समितीनं फक्त शुद्धलेखन पाहायचं आणि छपाईआधी त्या घराची सही घ्यायची. गावाचं म्हणून एकच प्रकरण होतं, सगळ्यात पहिलं, 'गाव आणि परिसर'. त्याची पानं नकाशासकट शरदातल्या गावजेवणाला सभागृहाच्या भिंतीवर लावत. शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. ज्याला चूक दिसेल त्यानं खूण करायची.

ते प्रकरण आर्लिन सेथरकडे होतं. ती सॅस्काटून शहरात दोन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकली होती, आणि नंतर सव्वीस वर्षं तिनं शेतीच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली होती. लोक तिच्यापुढे मुरंब्याच्या बाटलीत किडे आणून ठेवत, खिशातून चुरगळलेली पानं काढत. आर्लिन चष्मा कपाळावर सरकवून बघायची आणि सांगायची. ती सांगेल ते खरं असं गाव मानायचं.

प्रकरण जवळपास झालं होतं. माती, पाऊस, पहिलं धुकं, शेवटचं हिव, मैलामैलावर एकमेकांना छेदणारे रस्ते, उत्तरेचं खारं तळं. फक्त 'झाडं' या मथळ्याखाली तीन आठवडे एकच वाक्य होतं. 'टॉल्बीच्या परिसरात आपोआप आलेलं झाड नाही. जे आहे ते कुणीतरी लावलेलं आहे.' पुढे हात चालत नव्हता. का चालत नव्हता ते तिला ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी डेलोरेसनं तिच्यापुढे पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद सरकवला.

"घे, नेस्टर बोइचुकचं पान. चार महिने मागे लागले बाई. शेवटी म्हटलं, तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहीन आणि तुमचं वजनही छापीन. दुसऱ्या दिवशी आणून दिलं."

"सही?"

"ती तू घे. उद्याच जा, शनिवारी त्याची भाची त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात नेतेय. रविवारी गावजेवण, आणि सोमवारी सगळं छापखान्यात. वाच, पण रुमाल घेऊन वाच. मी रडले. मी, डेलोरेस!"

आर्लिननं वाचलं. नेस्टरच्या वडिलांनी जमीन कशी घेतली, पहिला हिवाळा मातीच्या झोपडीत कसा काढला, हे सगळं चार ओळींत होतं. उरलेलं पान मेपलच्या रांगेबद्दल होतं.

'बापानं घराच्या उत्तरेला मेपल लावले. स्टेफी लग्न होऊन आली तेव्हा ते गुडघ्याएवढे होते. सहा कोरडी वर्षं तिनं विहिरीवरून बादल्यांनी पाणी आणून घातलं. एकोणचाळीस झाडं जगली. ती दर वसंतात मोजायची. वाटाणे सोलायला ती तिथंच सावलीत बसायची. बारा वर्षांपूर्वी मी धान्याच्या कोठ्यांभोवती गवत मारायचं औषध टाकलं आणि ते मुळांपर्यंत गेलं. सगळी झाडं मी मारली. स्टेफी बटाटे निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, नेस्टर, लावली तुझ्या बापानं, वाढवली मी, मारली तू. आता कोबी चिरायला घे. मी ती माफी समजलो. माझ्याबद्दल पुस्तकात एवढंच लिहायचं आहे.'

"अगं, पांढरी पडलीस की," डेलोरेस म्हणाली. "कॉफी देऊ?"

"नको. ती प्यायले तर हिरवी पडेन," आर्लिन म्हणाली. डेलोरेस हसली, आणि आर्लिनला स्वतःचाच राग आला. बारा वर्षं तिचं हे असंच चाललं होतं. आत काही का असेना, तोंडाला वेळेवर उत्तर सुचायचं.

बारा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याचा, ऑर्विलचा, खांदा मोडला होता. गव्हात रुंद पानांचं तण माजलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस पाऊस सांगितला होता. फवारणीचं यंत्र घेऊन आर्लिन स्वतः शेतात उतरली. दिवसभर वारा जोराचा होता म्हणून थांबली. सूर्य कलला तसा वारा पडला, पार पडला. गव्हाचं पातंसुद्धा हलेना.

जरासा वारा असावा. अजिबात नसेल तर टाकी बंद करून घरी जावं. हे ती काउंटरवर प्रत्येकाला सांगायची. संध्याकाळी जमीन गार होते, गार हवा जमिनीला चिकटून राहते आणि औषधाचे बारीक थेंब खाली बसत नाहीत. त्या थरावर तरंगत, घसरत ते मैलभर कुठंही जातात. नवख्याला वाटतं, वारा नाही म्हणजे धोका नाही. आर्लिन नवखी नव्हती.

शिवाय तिला दिसलं होतं. अर्ध्या मैलावर नेस्टर अंगणातल्या पिंपात काहीतरी जाळत होता. त्याचा धूर वर जाईना. छपराच्या उंचीला येऊन तो आडवा झाला आणि वाळत घातलेल्या चादरीसारखा शेतावर पसरून राहिला. ती यंत्र थांबवून त्या धुराकडे बघत बसली, मिनिटभर तरी. चाळीस एकर बाकी होते. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं.

नवव्या दिवशी नेस्टर टोपी हातात घेऊन दुकानात आला. टोपीत मेपलची चार पानं होती.

"आर्लिन, तू शिकलेली आहेस. सांग बरं माझ्या झाडांना काय झालंय? स्टेफीनं डोकं खाल्लंय माझं."

पानं पेल्यासारखी आत वळली होती. शिरा एकमेकींना समांतर ताणलेल्या, देठ पिळवटलेले. हवेतून आलेल्या फवाऱ्याशिवाय दुसरं काही असूच शकत नव्हतं. मुळातून आलेलं विष पानाला कडेनं पिवळं करतं, करपवतं, असं पिळत नाही. पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत हा प्रश्न होता आणि आर्लिनला त्यात पैकीच्या पैकी गुण होते.

"जमिनीतलंही असू शकतं," ती म्हणाली. "कोठ्यांभोवती तुम्ही काही टाकलं होतंत का?"

नेस्टरचा चेहरा तिनं बघितला. तो आठवत होता. आठवलं, आणि त्याची मान खाली गेली.

"टाकलं होतं," तो म्हणाला, आणि पानं पुन्हा टोपीत भरून गेला.

ती खोटं बोलली नव्हती. तिनं फक्त विचारलं होतं. या एका गोष्टीच्या आधारानं तिनं पहिली दोन वर्षं काढली. दुसऱ्या वर्षी झाडं अर्धीमुर्धी फुटली, तेव्हा तिनं दोष दुष्काळावर ढकलला. तिसऱ्या वर्षी नेस्टरनं रांग तोडली. करवतीचा आवाज तीन दिवस येत होता. ऑर्विलला तिनं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मेलेल्या झाडांसाठी जिवंत शेजारी घालवायचा का?" त्याच हिवाळ्यात स्टेफी गेली. आर्लिननं मर्तिकाच्या जेवणाला दोन ताटं पाव भाजून नेले, आणि नेस्टरनं तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. त्या आभारांची आठवण आली की अजूनही तिला हात धुवावेसे वाटत.

ऑर्विल जाऊन चार वर्षं झाली होती. आता हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं. ती गप्प राहिली असती तर पान छापलं गेलं असतं, नेस्टर वृद्धाश्रमात गेला असता, आणि नातवंडांच्या नातवंडांनीसुद्धा वाचलं असतं की स्टेफीचे मेपल नेस्टर बोइचुकनं मारले. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती निघाली. नेस्टरच्या घरी उत्तरेचा वारा थेट दारावर आदळत होता. रांग होती तेव्हा इथं पडदेसुद्धा हलत नसत. आत खोकी बांधून ठेवलेली. नेस्टर स्वयंपाकघरात एका खोक्यावर बसून दुसऱ्यावर ठेवलेलं लोणचं खात होता.

"ये पोरी, बस. खुर्च्या गेल्या. तिथं म्हणे दर मंगळवारी सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची असतात. मी भाचीला म्हटलं, त्यापेक्षा मला तुरुंगात टाक, तिथं निदान सक्ती नसते." त्यानं तिच्या हातातला कागद बघितला. "किती चुका काढल्यास?"

"चूक एकच आहे, नेस्टर. आणि ती तुमची नाही."

ती उभीच राहिली. येताना गाडीत तिनं वाक्यं जुळवली होती, ती एकही आठवेना. म्हणून तिनं तारखेपासून सुरुवात केली. कुठलं औषध, किती एकर, किती वाजता. वारा नव्हता. मोजणी सांगावी तसं तिनं सांगितलं. तसं सांगितलं तरच आवाज शेवटपर्यंत पोचला असता.

नेस्टरनं लोणच्याच्या बाटलीचं झाकण लावलं. नीट, घट्ट लावलं.

"वारा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता. म्हणूनच."

"मी त्या दिवशी बटाट्याची जुनी पोती जाळत होतो."

"हो. तुमचा धूर आडवा पडला होता. मी बघितला."

"बघितलास."

"बघितला आणि पुढे गेले."

तो खिडकीकडे गेला. तिथून आता खारं तळं दिसायचं, पांढुरकं, रिकामं. पूर्वी दिसत नसे.

"माणसाच्या हातून होतं," तो बाहेर बघत म्हणाला. "पावसाची घाई असते, नवऱ्याचा हात गळ्यातल्या झोळीत असतो. ते मला कळतं, मी पन्नास वर्षं शेती केली. पण पानं घेऊन मी दुकानात आलो, तेव्हा?"

"तेव्हा बघताक्षणी कळलं."

"आणि तू मला विचारलंस."

"हो."

"मी काय टाकलं होतं ते."

"हो, नेस्टर."

वाऱ्यानं दाराची कडी वाजत होती.

"रात्री जेवताना मी तिला सांगितलं," तो म्हणाला. "स्टेफे, मी मारली तुझी झाडं. तिनं चमचा खाली ठेवला. सात आठवडे. एका घरात सात आठवडे म्हणजे किती, माहीत आहे तुला? मी कुत्र्याशी बोलायचो. कुत्रंसुद्धा तिच्या बाजूचं होतं."

आर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मागे ढकललं, कारण इथं रडायचा हक्क तिचा नव्हता.

"ते वाक्य मी खोडून आणते," ती म्हणाली. "खरं काय ते तुम्ही सांगा, मी लिहून घेते. सोमवारपर्यंत वेळ आहे."

नेस्टर वळला. तो चिडलेला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हातारा दिसत होता.

"खोडायचं नाही. ते खोडलं तर ती मला माफ कशाबद्दल करते? कोबी कशाला चिरतोय मी? तिनं मला माफ केलं, आर्लिन. तुझ्या चुकीबद्दल का होईना, केलं. ते मी सोडणार नाही." त्यानं हात पुढे केला. "पेन दे."

त्यानं पानाच्या खाली सही केली. सावकाश, एकेक अक्षर.

"तुझं तू तुझ्या पानात लिही. ज्याचं पान त्याचे शब्द." मग ओठ वाकडा करून म्हणाला, "आडनावांच्या क्रमानं माझं चौदावं पान. तुझं दोनशेच्या पुढे. तिथपर्यंत कोण वाचतं? लोक आपलं नाव शोधतात आणि पुस्तक मिटतात."

ती दारापाशी पोचली तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, "नकाशा तू काढलायस ना? त्यात माझी झाडं आहेत?"

"नाहीत. नकाशा आजचा आहे."

"हं," तो म्हणाला. चाळीस वर्षांत ती त्या घरातून रिकाम्या हातानं निघाली नव्हती. लोणच्याची बाटली, बीट, काही ना काही तो हातात कोंबायचाच. आज बाटली खोक्यावरच राहिली.

घरी येऊन तिनं आधी सेथर घराण्याचं पान काढलं. ऑर्विलचा कर्लिंगचा चषक, मुलांची लग्नं. तिनं तिथं जागा करून लिहायला सुरुवात केली, आणि थांबली. दोनशेच्या पुढे. नेस्टरचं खरं होतं. ती पुन्हा लपायला निघाली होती, या खेपेला छापील पानात.

मग तिनं 'गाव आणि परिसर' पुढ्यात ओढलं.

शनिवारी डेलोरेस सभागृहात उद्याच्या गावजेवणाची गोठवलेली टर्की वितळायला ठेवत होती. आर्लिननं तिच्यासमोर पानं धरली. 'झाडं' या मथळ्याखाली आता आणखी काही वाक्यं होती.

'गावाच्या उत्तरेस बोइचुक यांच्या घराला उत्तरेकडून एकोणचाळीस मेपलची रांग होती. नेस्टर यांच्या वडिलांनी ती लावली आणि स्टेफी बोइचुक यांनी पाणी घालून वाढवली. बारा वर्षांपूर्वी जूनमध्ये, वारा पूर्ण पडलेल्या संध्याकाळी, आर्लिन सेथर हिनं शेजारच्या गव्हावर तणनाशक फवारलं. अशा हवेत फवारू नये हे तिला माहीत होतं. त्यानं ही झाडं मेली. दोष जमिनीत असेल असं तिनं नेस्टर यांना वाटू दिलं. तो दोष जमिनीत नव्हता आणि नेस्टर यांचाही नव्हता.'

डेलोरेसनं एकदा वाचलं. ओला हात एप्रनला पुसून पुन्हा वाचलं.

"या प्रकरणात माणसांची नावं घालायची नाहीत असं ठरलंय आपलं."

"हो."

"हे पान तुझं नाही. गावाचं आहे."

"म्हणूनच," आर्लिन म्हणाली. "गावाला मी चुकीचं सांगितलं होतं."

डेलोरेस टर्कीकडे बघत राहिली. "माझे टोमॅटो आखडले होते," ती शेवटी म्हणाली, "ते तूच का?"

"तो टोमॅटोचा रोग होता. पण तू विचारलंस हे बरं केलंस. आता सगळेच विचारतील."

"विचारतीलच." डेलोरेसनं पानं तिच्या हातात परत दिली. "शुद्धलेखन बरोबर आहे. खिळे खणात आहेत, लाव भिंतीवर."

रविवारी गावजेवणाला आसपासच्या गावांतून दोनशेवर माणसं आली. रांग दारातून भिंतीलगत जायची, त्यामुळे वाढप्यांपर्यंत पोचेतो प्रत्येकाला ती पानं वाचायला भरपूर वेळ होता. आर्लिन दरवर्षीप्रमाणे सलगमाच्या भांड्यामागे उभी होती. जागा बदलून मागितली असती तर डेलोरेसनं दिली असती. तिनं मागितली नाही. भिंतीपाशी डोकी एकत्र येताना, वळून तिच्याकडे बघताना तिला दिसत होती. काहीजण ताट पुढे करताना नजर उचलत नव्हते. एक बाई म्हणाली, "मला नको, पोट भरलंय," आणि तिचं ताट रिकामं होतं. दुकानाच्या जुन्या मालकानं ताट पुढे धरलं आणि नुसतं म्हणाला, "वाढ. अजून वाढ."

नेस्टरला त्याची भाची शहरातून घेऊन आली होती. तो भिंतीपाशी थांबला. त्यानं ती वाक्यं वाचली की नाही हे आर्लिनला कळलं नाही, कारण तो नकाशासमोर उभा होता. त्याच्या घराच्या उत्तरेला तिनं शाईनं एक तुटक रांग काढली होती, बारीक ठिपक्यांची. त्यानं दोऱ्याची पेन्सिल हातात घेतली आणि तिचं टोक एकेका ठिपक्यावर टेकवत चालला. मागची रांग खोळंबली.

"नेस्टर, टर्की परत उडून जाईल हो!" कुणीतरी ओरडलं.

"जाऊ दे. मला चावता येत नाही," तो न वळता म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

मग त्यानं पेन्सिल सोडली. ती दोऱ्याला लोंबकळत राहिली. कागदावर कुठंही खूण नव्हती.

तो ताट घेऊन आर्लिनसमोर आला. तिनं डाव उचलला. त्यानं ताट पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "एकोणचाळीस."

आणि सलगम न घेता पुढे गेला, बटाट्याकडे.